वाजवण्याचा परवाना

२७ जून १९५७ रोजी न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या ‘लोज स्टेट’ थिएटरात ‘स्वीट स्मेल ऑफ सक्सेस’ हा चित्रपट लागला. दिवेलागणीची वेळ, छापखान्यातून ताज्या अंकांचे गठ्ठे घेऊन बाहेर पडणारे ट्रक, आणि त्या अंकाची वाट बघत ताटकळणारा एक देखणा, अस्वस्थ तरुण, अशी त्याची सुरुवात. तरुणाचं नाव सिडनी फाल्को. धंदा प्रेस एजंटचा. गिऱ्हाइकांची नावं वर्तमानपत्रातल्या सदरांत छापून आणायची आणि त्याचे पैसे घ्यायचे. तो घाईघाईने एकच सदर उघडतो आणि चडफडतो. जे. जे. हनसेकर या बड्या सदरलेखकाने आजही त्याच्या गिऱ्हाइकाचा उल्लेख केलेला नाही.

हनसेकर त्याच्यावर रागावलेला आहे, कारण फाल्कोने त्याचं एक काम केलेलं नाही. हनसेकरची धाकटी बहीण सुझी एका जॅझ गिटारवादकाच्या प्रेमात पडली आहे. स्टीव्ह डॅलस त्याचं नाव. हे प्रेम मोडायचं, पण हनसेकरचा हात त्यात दिसता कामा नये, अशी कामगिरी फाल्कोवर सोपवलेली आहे. फाल्को मग दुसऱ्याच एका सदरात डॅलस गांजा ओढतो आणि कम्युनिस्ट आहे अशी कंडी छापून आणतो. बातमी येताच क्लबमधली डॅलसची नोकरी जाते. तेवढ्यानेही काम होत नाही, तेव्हा त्याच्या कोटाच्या खिशात गांजाच्या सिगारेटी ठेवल्या जातात, आणि हनसेकरच्या उपकाराखाली असलेला लेफ्टनंट केलो हा पोलीस अधिकारी त्याला अंधारात गाठून इस्पितळात जाईपर्यंत मारतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि नंतर अमेरिकेत गुन्हेगारीवर जे काळोखे चित्रपट निघाले, त्यांना फिल्म न्वार म्हणतात. त्यांतल्या बहुतेकांत पिस्तूल असतं, खून असतो, विम्याचे पैसे असतात. या चित्रपटात कोणीही मरत नाही. इथलं हत्यार म्हणजे वर्तमानपत्रातल्या चार ओळी आणि चिमूटभर गांजा. एवढ्याशा गोष्टीने एका चांगल्या वादकाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल का, असं आज वाटू शकतं. त्या काळच्या न्यूयॉर्कमध्ये ते होत होतं, आणि कायद्याने होत होतं. माझ्या मते हा चित्रपट त्या व्यवस्थेचा सर्वांत प्रामाणिक पुरावा आहे, आणि म्हणून तो त्या व्यवस्थेच्या इतिहासाशेजारी ठेवूनच पाहायला हवा.

हनसेकर कोणावरून घेतला, हे ब्रॉडवेवर कोणाला सांगावं लागलं नाही. वॉल्टर विंचेल मूळचा रंगमंचावर नाचगाणं करणारा नट. १९२९पासून ‘न्यूयॉर्क डेली मिरर’मध्ये त्याचं सदर सुरू झालं. कोण कोणाबरोबर जेवलं, कोणाचा घटस्फोट होणार, कोण कर्जात बुडालं, असल्या बातम्या तो तुटक, चुरचुरीत वाक्यांत द्यायचा. ते सदर देशभरातल्या शेकडो वर्तमानपत्रांत जायचं आणि रविवारी रात्री रेडिओवर त्याचा आवाज घराघरात पोहोचायचा. तो दरबार भरवायचा स्टॉर्क क्लबमध्ये, पन्नास नंबरच्या टेबलावर. एफबीआयचा प्रमुख जे. एडगर हूवर त्याचा मित्र. पुढे सेनेटर मॅकार्थीने कम्युनिस्टांच्या नावाने लोकांना धारेवर धरलं, तेव्हा विंचेल त्याच्याही बाजूने उभा राहिला. मुलीच्या प्रेमप्रकरणावरून त्याने केलेला थयथयाटही ब्रॉडवेला ठाऊक होता. चित्रपटात मुलीच्या जागी बहीण आली, इतकंच.

हे जग अर्नेस्ट लेहमनने आतून पाहिलं होतं. अर्व्हिंग हॉफमन या प्रेस एजंटकडे तो नोकरीला होता. सदरलेखकाला रोज मजकूर लागतो आणि प्रेस एजंटला रोज नाव छापून हवं असतं. एजंटने पाच चटपटीत बातम्या पुरवल्या, तर सहावी ओळ त्याच्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला येणार. खोटी बातमी दिली, तर सदराचे दरवाजे बंद. या देवाणघेवाणीत माणसाचा कणा कसा वाकत जातो, ते लेहमनने एका दीर्घकथेत लिहिलं. १९५० साली ‘कॉस्मोपॉलिटन’ मासिकाने ती वेगळं शीर्षक देऊन छापली, कारण मूळ शीर्षकातला ‘वास’ संपादकाला आपल्या पानांवर नको होता.

सदरलेखकाच्या चार ओळींना एवढं बळ कुठून आलं, हे समजायला न्यूयॉर्कचे नियम पाहावे लागतात. १९२६ साली शहराने कॅबरे कायदा केला. जिथे खाण्यापिण्याबरोबर गाणं आणि नाच चालतो, अशा प्रत्येक जागेला परवाना लागू लागला. १९४०पासून नियमाचा फास जागेवरून माणसांभोवती आला. अशा जागी काम करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो आचारी असो, वेटर असो की सॅक्सोफोनवादक, पोलिसांकडे जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, फोटो काढायचा आणि ओळखपत्र घ्यायचं. हेच ते कॅबरे कार्ड. दर दोन वर्षांनी ते नवं करून घ्यावं लागे. आधी कधी अटक झालेली असेल तर कार्ड नाकारता येई, नंतर झाली तर काढून घेता येई. न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगून झाली तरी पोलिसांची ही दुसरी शिक्षा चालूच राही, आणि तिला मुदत नसे.

या शिक्षेचा घाव नेमका कुठे बसतो, ते जॅझवाल्यांनाच कळत होतं. ध्वनिमुद्रण करायला कार्ड लागत नसे. कार्नेगी हॉलमध्ये मैफल करायलाही लागत नसे. पण जॅझ वादकाची रोजची भाकरी होती क्लबमध्ये, जिथे दारू मिळते तिथे. एकेका क्लबमध्ये आठवडेच्या आठवडे रोज रात्री वाजवायचं, त्यातून घरभाडं निघायचं, त्यातूनच हात तयार व्हायचा आणि नवं संगीत घडायचं. बावन्नाव्या रस्त्यावर ओळीने क्लब होते. त्यांचे दिवस मावळत असतानाच, डिसेंबर १९४९मध्ये, ब्रॉडवेवर ‘बर्डलँड’ उघडला. जॅझच्या या राजधानीत कार्ड नसलेला वादक म्हणजे आपल्याच गावातून तडीपार झालेला माणूस. गावात राहायला मुभा, कमवायला बंदी.

बिली हॉलिडेला मे १९४७मध्ये अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली आणि एक वर्ष एक दिवसाची शिक्षा झाली. सुटल्यावर थोड्याच दिवसांत, मार्च १९४८मध्ये, तिने कार्नेगी हॉल गच्च भरवला. पण कार्ड गेलेलं होतं. ज्या छोट्या, धुरकट खोल्यांमध्ये तिचं गाणं घडलं, त्यांचं दार कायद्याने बंद झालं. चार्ली पार्करचं कार्ड १९५१ साली गेलं. ‘बर्डलँड’ हे नाव ज्याच्या टोपणनावावरून ठेवलं, त्यालाच शहरातल्या क्लबांत वाजवायची बंदी. १९५३ साली त्याने अधिकाऱ्यांना पत्र लिहून विनवलं की माझी बायकामुलं निरपराध आहेत, माझा धंदा मला परत द्या. १९५५ साली तो वारला, तेव्हा त्याचं वय अवघं ३४ होतं.

सदर आणि सत्ता एकत्र आल्या की काय होतं, हे ऑक्टोबर १९५१मध्ये साऱ्या अमेरिकेने पाहिलं. पॅरिस गाजवून मायदेशी दौऱ्यावर आलेली कृष्णवर्णीय गायिका-नर्तिका जोसेफिन बेकर स्टॉर्क क्लबमध्ये जेवायला गेली. तिने मागवलेला पदार्थ टेबलावर येईचना. हा वर्णद्वेष आहे असं तिने जाहीरपणे सांगितलं. त्या रात्री विंचेलही क्लबमध्ये होता. आपल्या मित्राच्या क्लबवर बोट उठलेलं पाहून तो बेकरवर तुटून पडला. तिला कम्युनिस्टांबद्दल सहानुभूती आहे, असं त्याने छापलं आणि रेडिओवरून सांगितलं. तिचे अमेरिकेतले कार्यक्रम गळत गेले आणि पुढची कित्येक वर्षं तिला तिथे पाय ठेवणं अवघड झालं. ‘स्वीट स्मेल’मध्ये डॅलसवर जो आरोप होतो, तो असा जगलेल्या आयुष्यातून आलेला आहे.

आता दोन माणसांची गोष्ट सांगायला हवी. ते एकमेकांना भेटल्याचं मला ठाऊक नाही, पण १९५७चा उन्हाळा त्या दोघांचाही होता.

ऑगस्ट १९५१. पियानोवादक थेलोनियस मंक आपला मित्र बड पॉवेल याच्याबरोबर मोटारीत बसला होता. पोलिसांनी झडती घेतली. हेरॉइनची एक लहानशी पुडी सापडली. ती मंकची नव्हती, असंच त्याचे मित्र आणि पुढचे चरित्रकार सांगत आले आहेत. पॉवेलचं मन आधीच आजाराने पोखरलेलं होतं, आणि त्याचं नाव घ्यायला मंक तयार झाला नाही. गप्प राहिला. त्याला ६० दिवस तुरुंगात काढावे लागले आणि बाहेर आल्यावर कार्ड नव्हतं. पुढची सहा वर्षं आधुनिक जॅझच्या जनकांपैकी एक असलेला हा माणूस स्वतःच्या शहरातल्या क्लबांत वाजवू शकला नाही. बायको नेली शिवणकाम करून घर चालवत होती. तो घरात बसून रचना करत होता, अधूनमधून ध्वनिमुद्रणं करत होता.

मे १९५२. नाटककार क्लिफर्ड ओडेट्स संसदेच्या ‘अमेरिकाविरोधी कारवाया’ शोधणाऱ्या समितीपुढे बसला. ‘वेटिंग फॉर लेफ्टी’ या १९३५च्या नाटकाने तो कामगारांचा नाटककार म्हणून गाजला होता, काही काळ कम्युनिस्ट पक्षातही होता. समितीने नावं मागितली. ओडेट्सने समितीवर ताशेरे ओढले, पण नावंही दिली. त्याचं काम चालू राहिलं. जुने मित्र तुटले, आणि ते बोलणं त्याला आयुष्यभर डाचत राहिलं.

१९५६ साली बर्ट लँकेस्टरच्या कंपनीने लेहमनची कथा पडद्यावर आणायला घेतली. लेहमन आजारी पडला आणि पटकथा ओडेट्सच्या हाती आली. चित्रीकरण सुरू झालं तरी त्याचं लिहून संपलेलं नव्हतं. न्यूयॉर्कच्या थंडीत तो रात्रभर टाइपरायटर बडवायचा आणि पानं तशीच सेटवर जायची. त्या संवादांतलं जहर आजही उतरलेलं नाही. मागणारा लाचार आणि देणारा क्रूर, आणि दोघांनाही एकमेकांवाचून करमत नाही, हे नातं त्याने अशा अचूकपणे पकडलं की प्रत्येक वाक्य चाबकासारखं वाजतं. दुसऱ्याचं नाव विकून स्वतःची जागा राखणं म्हणजे काय, हे या लेखकाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. फाल्कोच्या चेहऱ्यावर अधूनमधून स्वतःचीच जी किळस दिसते, ती मला ओडेट्सची वाटते.

दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक बोस्टनमध्ये जन्मला, स्कॉटलंडमध्ये वाढला, आणि इंग्लंडच्या ईलिंग स्टुडिओत ‘द लेडीकिलर्स’सारखे विनोदी चित्रपट करून आलेला. न्यूयॉर्क त्याला परकं होतं, आणि परक्या नजरेला शहराचा उग्रपणा नेमका दिसला. छायालेखक जेम्स वाँग हाउ चीनमध्ये जन्मलेला. गोऱ्या लेखिकेशी झालेलं त्याचं लग्न १९४८पर्यंत कॅलिफोर्नियाच्या कायद्याने मानलं नव्हतं. मॅकेंड्रिक आणि हाउ संध्याकाळपासून पहाटेपर्यंत खऱ्या ब्रॉडवेवर, खऱ्या गर्दीत चित्रीकरण करत राहिले. क्लबचे सेट हॉलिवूडमध्ये बांधले, तेव्हा भिंती चकाकाव्यात म्हणून त्यांना तेलाचा हात दिला. हनसेकर झालेल्या लँकेस्टरला जाड फ्रेमचा चष्मा घातला, वरून दिवा असा लावला की फ्रेमची सावली डोळ्यांखाली पडून चेहरा कवटीसारखा दिसावा. काचांना पातळ चिकट लेप लावला, त्यामुळे त्याची नजर कशावरच ठरेना. हनसेकर समोरच्या माणसाकडे बघतो आणि तरी त्याला पाहत नाही, तो परिणाम असा साधला. टोनी कर्टिसने फाल्कोची भूमिका हट्टाने मिळवली होती. त्याचं गोंडस रूपच इथे सर्वांत भेसूर ठरतं.

चित्रपटातलं संगीत दोन थरांचं आहे. रस्त्यावर एल्मर बर्नस्टाइनच्या पितळी वाद्यांचा गजर, आणि क्लबमध्ये चिको हॅमिल्टनच्या पाच जणांच्या वाद्यवृंदाचं संयत, विचारी वादन. हॅमिल्टन लॉस एंजेलिसचा कृष्णवर्णीय ड्रमवादक. त्याच्या वृंदात फ्रेड कॅट्झचा चेलो आणि पॉल हॉर्नची बासरी होती, आणि हा मेळ त्या वेळच्या जॅझमध्ये अगदी नवा होता. हे वादक पडद्यावर स्वतःच दिसतात. डॅलस झालेला मार्टिन मिल्नर गिटारवर बोटं फिरवतो, पण ऐकू येते ती वृंदातल्या जॉन पिसानोची गिटार. हनसेकर आणि फाल्को अखंड बोलत असतात, कापत असतात. त्यांच्या मध्येच हे लोक मान खाली घालून एकमेकांचं ऐकत वाजवतात. साऱ्या चित्रपटात दुसऱ्याचं बोलणं ऐकून घेणारी माणसं एवढीच आहेत.

इथेच चित्रपटाची एक मोठी उणीवही दिसते. कार्डाचा आणि पोलिसी मुठीचा सर्वांत जास्त मार खाल्ला तो कृष्णवर्णीय वादकांनी. पडद्यावर तो मार गोऱ्या गिटारवादकाला बसतो आणि हॅमिल्टन मागे ड्रमवर बसलेला असतो. १९५७च्या हॉलिवूडला कृष्णवर्णीय नायक आणि हनसेकरची बहीण हे प्रेम दाखवण्याची हिंमत नव्हती. ज्यांचं दुःख होतं त्यांना चौकटीच्या कडेला बसवून ते सांगितलं गेलं. चित्रपट मनापासून आवडत असूनही हे बोलायलाच हवं.

चित्रपट पडला. कर्टिसच्या चाहत्यांना आपला लाडका नट असा नीच झालेला बघवेना, आणि खर्च मूळ अंदाजाच्या कितीतरी पुढे गेलेला होता. पण त्याच्या प्रदर्शनानंतर आठवड्याभरातच, शहराच्या दक्षिणेला कूपर स्क्वेअरमधल्या ‘फाइव्ह स्पॉट’ या साध्याशा बारमध्ये थेलोनियस मंक पियानोवर बसला. पॅनोनिका डी कोनिग्सवॉर्टर ही रॉथशिल्ड घराण्यात जन्मलेली स्नेही, शाळाशिक्षक असलेला त्याचा व्यवस्थापक हॅरी कोलोम्बी आणि बारचे मालक टर्मिनी बंधू यांच्या खटपटीने कार्ड परत मिळालं होतं. जुलैमध्येच जॉन कोल्ट्रेन त्याच्या वृंदात आला. चित्रकार, कवी, विद्यार्थी रात्रीमागून रात्री येत राहिले. मुक्काम वर्षाअखेरपर्यंत लांबला. जॅझच्या इतिहासातल्या थोर महिन्यांत आज ते महिने मोजले जातात. पोलीस खात्याच्या एका फायलीने हे संगीत सहा वर्षं अडवून ठेवलं होतं.

गोष्ट तिथे सुखाने संपली नाही. ऑक्टोबर १९५८मध्ये मंक, पॅनोनिका आणि सॅक्सोफोनवादक चार्ली राउझ मोटारीने बाल्टिमोरला निघाले असताना डेलावेअरमध्ये पोलिसांनी त्यांना अडवलं. मंकच्या हातांवर दंडुके बसले. पियानोवादकाच्या हातांवर. मोटारीत गांजा सापडला, पॅनोनिकाने तो आपला असल्याचं सांगितलं, तरी मंकचं कार्ड पुन्हा गेलं. ऑगस्ट १९५९मध्ये माइल्स डेव्हिस ‘बर्डलँड’मध्ये वाजवत होता. मधल्या वेळेत तो बाहेर पदपथावर उभा होता. बाहेर त्याचंच नाव झळकत असताना पोलिसाने त्याला हटकलं, आणि दुसऱ्याने डोक्यावर दंडुका घातला. लेफ्टनंट केलो पडद्यावरून खाली उतरायला फार वर्षं लागली नाहीत.

व्यवस्था ढासळली ती एका विनोदी कलावंताच्या मृत्यूने. ऑक्टोबर १९६०मध्ये लॉर्ड बक्लीचं कार्ड जप्त झालं, कारण अर्जात त्याने जवळजवळ वीस वर्षांपूर्वीची एक अटक नमूद केली नव्हती. पुढच्याच महिन्यात तो वारला. लेखक-कलावंत खवळले, पोलिसांना जाब द्यावा लागला. फ्रँक सिनात्राने तर अशा अपमानास्पद कार्डासाठी अर्ज करणंच नाकारलं होतं. अखेर १९६७ साली कॅबरे कार्ड रद्द झालं. तोवर ‘डेली मिरर’ १९६३ साली बंद पडला होता, स्टॉर्क क्लब १९६५ साली. विंचेल १९७२ साली वारला, तेव्हा त्याच्याकडून छापून घ्यायला रांग लावणारं कोणी उरलं नव्हतं. मूळचा कॅबरे कायदा मात्र पुस्तकात २०१७पर्यंत राहिला. पडलेला तो चित्रपट १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत दाखल झाला.

कलावंताला संपवायचं तर त्याच्या कलेवर बंदी घालावी लागत नाही. त्याच्या पोटावर पाय दिला, त्याच्या नावाला चार ओळींचा डाग लावला, की बाकीचं आपोआप होतं. न्यूयॉर्कने जॅझ कधीच बेकायदा ठरवला नाही. त्याचा अभिमानच मिरवला. फक्त तो वाजवणाऱ्याने आधी बोटांचे ठसे द्यावेत आणि ताकदवान माणसांना न दुखावता जगावं, एवढीच अट घातली. ती अट मान्य करणाऱ्यांचं आत काय होतं, हे ओडेट्सने फाल्कोच्या रूपाने दाखवलं. ती झुगारली तर काय किंमत पडते, हे मंकने सहा वर्षं मोजून दाखवलं. चित्रपट पाहताना आपलं सारं लक्ष हनसेकर आणि फाल्को यांच्यावर खिळतं, कारण सैतानाचे संवाद नेहमीच चांगले असतात. पण त्या दोघांच्या मागे जो वाद्यवृंद वाजवतो आहे, त्याच्याकडे लक्ष देऊन हा चित्रपट पुन्हा पाहावा. ज्यांच्या मुळावर ही सारी कारस्थानं उठली होती, ती माणसं तिथे आहेत, आणि शहराने काय काय केलं तरी त्यांचं संगीत त्या सदरांपेक्षा जास्त टिकलं.